कोसळत्या भिंतीचा हिशेब

2009 च्या सप्टेंबरमध्ये 'बॅटमॅन : आर्कम असायलम' हा गेम पीसीवर आला. लंडनच्या रॉकस्टेडी या स्टुडिओने तो बनवला होता. मनोरुग्ण गुन्हेगारांना डांबून ठेवणाऱ्या जुन्या इमारती, त्यांची कोंदट दालनं आणि त्यांतून दबक्या पावलांनी फिरणारा बॅटमॅन. संगणकात एनव्हिडियाचं जीफोर्स कार्ड असलं, तर चालताना त्याच्या पायांशी कागद उडत, वाफेचे लोट दुभंगून पुन्हा एक होत, लोंबणारी कोळिष्टकं धक्का लागताच फाटत. एएमडीचं रेडिऑन कार्ड असलेल्या संगणकावर तोच गेम, तेच दालन, पण जमीन मोकळी. कागद होते आणि हलत नव्हते, असंही नाही. ते तिथे ठेवलेच नव्हते.

दोघांनीही सारखेच पैसे मोजलेल्या गेमची अशी दोन रूपं पाहून तेव्हा जो वाद पेटला, त्यातला मुख्य प्रश्न कार्ड विकत घेणाऱ्याच्या मनात आजही येतो, मग दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो की ऑनलाइन. गेममधलं फिजिक्स कार्डाच्या ब्रँडवर अवलंबून असतं का? बहुसंख्य गेमच्या बाबतीत उत्तर 'नाही' असं आहे. वस्तू पडणं, आदळणं, घरंगळणं यांचा हिशेब तिथे ग्राफिक्स कार्ड करतच नाही. तो संगणकाचा मुख्य प्रोसेसर, म्हणजे सीपीयू करतो. कार्डावर कोणाचं नाव छापलंय याने भिंत कमी-जास्त कोसळत नाही. ज्या थोड्या गेममध्ये फरक पडला, तिथे त्याचं कारण चिपच्या गुणवत्तेपेक्षा कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत आणि सॉफ्टवेअरच्या मालकीत जास्त होतं.

फिजिक्स म्हणजे नेमकं काय काम असतं? सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या गेमला एका चित्रासाठी साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात इंजिन प्रत्येक हलत्या वस्तूला गुरुत्वाकर्षण लावतं, कोण कोणाच्या आसपास आहे हे ढोबळपणे चाळून घेतं, जवळ सापडलेल्या जोड्या खरोखर एकमेकींना भिडल्यात का ते बारकाईने तपासतं आणि भिडल्या असतील तर कोणी कोणाला किती रेटायचं याचं गणित सोडवतं. शेवटची पायरी सगळ्यात अवघड. दहीहंडीच्या थरात खालच्या गोविंदाचा पाय जरासा सरकला तरी वरच्या प्रत्येकाला तो जाणवतो, आणि वरच्यांचा तोल गेला तर भार खालच्यांवर येतो. एकावर एक रचलेल्या खोक्यांचंही असंच असतं. एका खोक्याचं उत्तर शेजारच्या खोक्याच्या उत्तरावर अवलंबून. त्यामुळे इंजिन या गणिताच्या पुन्हा पुन्हा फेऱ्या करतं आणि दर फेरीला उत्तराच्या थोडं जवळ जातं.

ग्राफिक्स कार्डात हजारो छोटी गणनकेंद्रं असतात. स्वतंत्र, एकसारखी आणि संख्येने प्रचंड कामं त्यांना मानवतात. धुराचे लाखभर कण, ठिणग्या, कापडाच्या विणीतले बिंदू हे त्यांचं हक्काचं क्षेत्र. एकमेकांच्या उत्तराची वाट पाहणारी खोकी तिथे तितकी सहज बसत नाहीत. शिवाय शत्रूने काय करायचं, दार उघडलं की नाही, दुसऱ्या शहरातल्या खेळाडूला काय दिसायला हवं, हे सगळे निर्णय सीपीयूवर होतात. कार्डावर काढलेलं उत्तर तिथपर्यंत परत आणायचं म्हणजे वेळ जातो, आणि ते कार्ड त्याच क्षणी पुढचं चित्र रंगवण्यात गुंतलेलं असतं.

म्हणून गेममधलं फिजिक्स फार पूर्वीपासून दोन जातींत विभागलं गेलं. एक, ज्याने खेळाचा निकाल बदलतो: पिंप घरंगळत येऊन खेळाडूवर आदळतं, पूल तुटतो, गाडी वळणावर घसरते. दुसरं, जे फक्त दिसतं: धूर, राख, फडफडणारा झेंडा, काचेचा चुरा. ब्रँडचा वाद जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या जातीपुरता होता, आणि ही विभागणी लक्षात घेतली नाही तर पुढच्या वीस वर्षांतलं काहीच नीट कळत नाही.

पहिल्या जातीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा 2004 चा 'हाफ-लाइफ 2'. त्यात एक तिरपी फळी होती. तिच्या एका टोकावर सिमेंटच्या विटा रचल्या की दुसरं टोक वर उचललं जाई आणि त्यावरून पुढे जाता येई. वस्तू ओढून घेणारी आणि फेकणारी गुरुत्वबंदूक होती. या सगळ्यामागे हॅवॉक हे इंजिन होतं, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून 1998 मध्ये निघालेल्या कंपनीचं. गंमत अशी की चित्राच्या बाबतीत याच गेमवरून ब्रँडचं मोठं रणकंदन झालं होतं. डायरेक्टएक्स 9 च्या प्रभावांमध्ये एनव्हिडियाची जीफोर्स एफएक्स कार्डं एटीआयच्या (ही कंपनी पुढे एएमडीत विलीन झाली) रेडिऑनपुढे मागे पडत, आणि हे खुद्द व्हॉल्व्हनेच 2003 मध्ये जाहीरपणे दाखवून दिलं होतं. फळी मात्र दोन्ही कार्डांवर एकाच वजनाला, एकाच कोनात झुकत होती. तिचा हिशेब सीपीयू करत होता.

आता फिजिक्ससाठी वेगळी चिपच का नको, हा विचार याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या एजिया या कंपनीने केला. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातून निघालेली नोव्होडेक्स ही कंपनी तिने 2004 मध्ये घेतली आणि तिचंच फिजिक्स सॉफ्टवेअर पुढे फिजएक्स या नावाने ओळखलं जाऊ लागलं. स्वीडनमधली मेकॉन ही कंपनीही 2005 मध्ये एजियाकडे आली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स परिषदेत एजियाने फिजिक्स प्रोसेसरची घोषणा केली, आणि 2006 च्या मे महिन्यात आसुस व बीएफजी यांच्या नावाने ही कार्डं दुकानांत आली. 128 एमबी मेमरी, साध्या पीसीआय खाचेत बसणारं कार्ड, किंमत 300 डॉलरच्या आसपास. एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाइतके पैसे वेगळे मोजायचे, तेही ढिगाऱ्यासाठी.

पहिल्या मोठ्या गेमनेच निराशा केली. 'घोस्ट रिकन : ॲडव्हान्स्ड वॉरफायटर'मध्ये हे कार्ड लावलं की स्फोटानंतर जास्त तुकडे उडत, पण फ्रेम रेट वाढण्याऐवजी उतरे. वाढीव तुकड्यांचा हिशेब नवं कार्ड करी, पण ते तुकडे रंगवायचा बोजा शेवटी ग्राफिक्स कार्डावरच येई. 'सेलफॅक्टर' नावाचा गेम खास हे कार्ड विकण्यासाठी दाखवला जात होता. तो कार्डाशिवायही बऱ्यापैकी चालवता येतो असं जिज्ञासूंनी शोधून काढलं. एजियाच्या कल्पनेत दम नव्हता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. अडचण अशी होती की हजारात एखाद्याकडेच असणाऱ्या कार्डासाठी कुठलाही स्टुडिओ आपला खेळ मुळापासून वेगळा रचणार नव्हता, आणि खेळ वेगळा रचला गेला नाही तर कार्ड घेण्याचं कारण उरत नव्हतं.

दोन्ही ग्राफिक्स कंपन्या तेव्हा शांत बसल्या नव्हत्या. 2006 मध्ये तैपेईच्या काँप्युटेक्स प्रदर्शनात एटीआयने तीन रेडिऑन कार्डांचा संगणक मांडला: दोन चित्रासाठी, एक फिजिक्ससाठी. हॅवॉकही 'हॅवॉक एफएक्स' नावाची आवृत्ती तयार करत होतं, जी एटीआय आणि एनव्हिडिया दोघांच्याही कार्डांवर चालणार होती. ती बाजारात आली असती तर पुढचा सगळा तंटा कदाचित टळला असता. पण 2007 च्या सप्टेंबरमध्ये इंटेलने हॅवॉक विकत घेतलं. सीपीयू विकणाऱ्या कंपनीला फिजिक्स सीपीयूवरून हलवण्यात रस असण्याचं कारण नव्हतं. हॅवॉक एफएक्स कोणत्याही गेममध्ये कधीच दिसलं नाही.

पाच महिन्यांनी, 2008 च्या फेब्रुवारीत, एनव्हिडियाने एजिया घेतली. तिला ती चिप नको होती, सॉफ्टवेअर हवं होतं. कुडा ही आपल्या कार्डांवर चित्राव्यतिरिक्त इतर गणितं करून घेण्याची व्यवस्था एनव्हिडियाने नुकतीच बाजारात आणली होती. फिजएक्स कुडावर उतरवलं गेलं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका ड्रायव्हरसरशी जीफोर्स 8 मालिकेपासून पुढची सगळी कार्डं फिजिक्स कार्डं झाली. एजियाला जे वर्षानुवर्षं साधलं नाही, ते एका डाउनलोडमध्ये झालं. पण कुडा फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालते. ब्रँडचा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मला तो इथे.

त्याचे पडसाद लगेच उमटले. संगणकांचा वेग मोजणाऱ्या 'थ्रीडीमार्क व्हँटेज' या चाचणीत सीपीयूसाठीचा एक भाग फिजएक्सवर बेतलेला होता. नव्या ड्रायव्हरमुळे ते काम ग्राफिक्स कार्डाकडे गेलं आणि सीपीयूचे गुण एकदम फुगले. फ्युचरमार्क या चाचणीच्या कंपनीने असे निकाल अधिकृत यादीत धरायला नकार दिला. सीपीयूच्या परीक्षेत कार्डाने पेपर लिहिला तर गुण कुणाचे, असा तो साधा मुद्दा होता आणि फ्युचरमार्कचा निर्णय योग्यच होता.

पुढची गोष्ट जास्त बोचणारी. काही जणांकडे चित्रासाठी नवं रेडिऑन कार्ड होतं आणि जुनं जीफोर्स कार्ड कपाटात पडून होतं. दोन्ही एकाच संगणकात लावली, तर रेडिऑन चित्र रंगवेल आणि जीफोर्स फिजिक्स सांभाळेल. तांत्रिकदृष्ट्या हे चालत होतं. 2009 मध्ये 186 क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने ते बंद केलं. संगणकात दुसऱ्या कंपनीचं कार्ड चित्र रंगवत असल्याचं आढळलं की फिजएक्स झोपी जाई. विकासाचा खर्च, दर्जाची हमी आणि काही व्यावसायिक कारणं, असं स्पष्टीकरण कंपनीने दिलं. हौशी प्रोग्रामरांनी ते कुलूप उघडणारे पॅच काढले, आणि त्यांनी ते कार्ड व्यवस्थित काम करतं हे दाखवून दिलं. ज्याने पैसे देऊन जीफोर्स घेतलं होतं, त्याच्या हातून त्याचाच उपयोग काढून घेणारा हा निर्णय आजही समर्थनीय वाटत नाही.

एएमडीचं कार्ड असलेल्यासमोर एक वाट उरे: हेच प्रभाव सीपीयूवर चालवणं. काही गेममध्ये ती सोय होती. गिअरबॉक्सच्या 2012 च्या 'बॉर्डरलँड्स 2'मध्ये रेडिऑनवाल्यालाही वाहते द्रव, फाटणारी कापडं, ढिगारा हे सगळं सुरू करता येई. शांत प्रसंगात ते निभावे, मोठ्या चकमकीत मात्र फ्रेम रेट घसरे. सीपीयू इतका दुबळा का पडतो? 2010 च्या जुलैमध्ये डेव्हिड कँटर या चिप-विश्लेषकाने त्याचा छडा लावला. फिजएक्सचा पीसीवरच्या सीपीयूसाठीचा भाग त्याने चालवून तपासला, तेव्हा तो मुख्यतः एक्स87 प्रकारच्या आज्ञा वापरत असल्याचं आढळलं. या आज्ञांचं मूळ इंटेलच्या 1980 च्या 8087 या सहप्रोसेसरात आहे. त्यांच्या जागी आलेल्या एसएसई आज्ञा, ज्या एका फटक्यात चार संख्यांवर काम करतात, 1999 च्या पेंटियम 3 पासून उपलब्ध होत्या. शिवाय तपासलेल्या उदाहरणांमध्ये काम बहुतांशी एकाच धाग्यावर चाललं होतं, बाकीचे कोअर मोकळे. नुसत्या एसएसईने वेग दीड ते दोन पट होऊ शकेल, असा कँटरचा अंदाज होता. गेम कन्सोलसाठीचं फिजएक्स मात्र तिथल्या अशाच आधुनिक आज्ञांसाठी नीट बेतलेलं होतं, हेही त्याने दाखवलं.

एनव्हिडियाने मुद्दाम सीपीयू मागे ठेवला, असा याचा अर्थ अनेकांनी लावला. कंपनीचं म्हणणं असं की जुना कोड तसाच चालत आला होता आणि धागे किती वापरायचे हे गेम बनवणाऱ्याच्या हातात होतं. हेतू काहीही असो, जाहिरातीतली 'कार्डावर इतक्या पट वेगवान' ही तुलना अर्ध्या ताकदीने धावणाऱ्या सीपीयूशी केलेली होती, एवढं त्या लेखाने पक्कं केलं. 2011 मध्ये फिजएक्सची 3.0 ही आवृत्ती आली, तिची बांधणी नव्याने केली होती आणि एसएसईचा व अनेक कोअरचा वापर त्यात आला. त्यानंतर सीपीयूवरचं फिजएक्स खरोखर चांगलं झालं.

आणि नेमकं यामुळेच एक नवा गैरसमज पसरला.

फिजएक्स हे नाव दोन गोष्टींना लागतं. एक, सीपीयूवर चालणारं सर्वसाधारण फिजिक्स इंजिन. दोन, त्याचा कुडावर चालणारा वाढीव भाग. युनिटी या इंजिनचं त्रिमिती फिजिक्स फिजएक्सवर उभं आहे. अनरिअल इंजिनच्या तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीतही तेच होतं. पाचव्यात अनरिअल बनवणाऱ्या एपिकने स्वतःचं केऑस आणलं. म्हणजे जगातल्या असंख्य गेममध्ये, मोबाइलवरच्यासुद्धा, एनव्हिडियाने लिहिलेलं फिजिक्स धावत आलं आहे, आणि त्यातल्या बहुतेकांत ग्राफिक्स कार्डाचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. रेडिऑनवाल्याला त्याचा तोटा नाही, जीफोर्सवाल्याला फायदा नाही. 2015 च्या मे महिन्यात 'प्रोजेक्ट कार्स' हा शर्यतीचा गेम आला, रेडिऑन कार्डांवर तो अपेक्षेपेक्षा हळू चालला, आणि खोक्यावर फिजएक्सचं नाव होतं. दोन्हींची सांगड घातली गेली: जीफोर्सवर फिजिक्स कार्ड करतं, रेडिऑनवर ते सीपीयूवर लादलं जातं, असा आरोप काही दिवस सगळीकडे फिरला. प्रत्यक्षात त्या गेमचं फिजिक्स कोणत्याही कार्डासोबत सीपीयूवरच चालत होतं, असं स्टुडिओने आणि एनव्हिडियानेही स्पष्ट केलं. वेगातला फरक खरा होता, पण त्याची कारणं चित्र रंगवण्याच्या बाजूला शोधायला हवी होती.

केसांच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. 2013 च्या 'टूम रेडर'मध्ये लारा क्रॉफ्टचे केस एएमडीच्या ट्रेसएफएक्सने हलत होते. ते डायरेक्टकंप्यूट या सामायिक व्यवस्थेवर बनवलेलं असल्याने जीफोर्सवरही चालत होतं; सुरुवातीला अडखळलं, पण ड्रायव्हर सुधारल्यावर सुरळीत झालं. 2015 च्या 'द विचर 3'मध्ये एनव्हिडियाचं हेअरवर्क्स होतं. तेही रेडिऑनवर चालायचं, पण फार महाग पडायचं, कारण ते केसांच्या बटांचे असंख्य बारीक भाग करायला लावी आणि त्या काळच्या रेडिऑन कार्डांची ती दुखरी बाजू होती. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये या विभागणीला मर्यादा घालण्याची सोय होती. खेळणाऱ्यांनी ती वापरली आणि केसांच्या रूपात फारसा फरक न पडता वेग परत मिळवला. म्हणजे केस हलवणं हे फिजिक्स वाटत असलं, तरी ब्रँडचा फरक पडला तो केस रंगवण्यात.

कार्डावरच्या फिजएक्सचे दिवस त्याआधीच भरत आले होते. 2013 मध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन आले, आणि दोन्हींच्या पोटात एएमडीची चिप होती. मोठा गेम बनवणाऱ्याला पीसी आणि ही दोन कन्सोल अशा तिन्ही बाजारांसाठी एकच खेळ लिहायचा असतो. त्यातल्या दोन ठिकाणी जे चालणारच नाही, त्यावर वर्षभराचे श्रम कोण घालणार? कुडावरच्या फिजएक्सचे गेम काही डझनांच्या पुढे फारसे गेलेच नाहीत. 'फॉलआउट 4'ला 2016 मध्ये एनव्हिडियाच्या तंत्राने गोळीबारात उडणाऱ्या कपच्यांची जोड मिळाली, आणि पुढे आरटीएक्स 20 मालिकेच्या, म्हणजे एनव्हिडियाच्याच, कार्डांवर ती सुरू केली की गेम बंद पडू लागला. इथे तर प्रश्न ब्रँडचाही नव्हता, पिढीचा होता.

कार्ड आणि फिजिक्स यांचं एक नातं मात्र खरंखुरं आहे आणि ते फारसं चर्चेत येत नाही. ते ब्रँडचं नसून वेगाचं आहे. काही इंजिनांमध्ये फिजिक्सचं पाऊल चित्राच्या गतीला बांधलेलं असतं. 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये हॅवॉकला 60 फ्रेमची गती गृहीत धरलेली आहे. कार्ड तगडं असेल आणि फ्रेम रेटवरची मर्यादा काढली, तर टेबलावरच्या थाळ्या आपोआप उडतात आणि गेमच्या सुरुवातीच्या प्रसंगातली घोडागाडी उसळ्या मारत उलटते. त्याहून जुनं उदाहरण 1999 च्या 'क्वेक 3'चं. तिथे हालचालीच्या गणितात आकडे पूर्णांकात बसवताना होणाऱ्या बारीक फरकामुळे सेकंदाला 125 फ्रेमवर उडी थोडी जास्त उंच जाते. स्पर्धेत उतरणारे खेळाडू मुद्दाम 125 वर गती बांधून खेळत, कारण त्या उडीने नकाशातल्या काही जागा गाठता येत. आजची बरीच इंजिनं फिजिक्सचं पाऊल ठरावीक काळाचं ठेवतात आणि चित्र वेगळ्या गतीने रंगवतात, त्यामुळे हा दोष कमी झाला आहे. पण एखाद्या जुन्या गेममध्ये वस्तू थरथरू लागल्या, तर कार्डाच्या कंपनीला दोष देण्याआधी फ्रेम रेटला लगाम घालून पाहावा.

2025 च्या जानेवारीत एनव्हिडियाची आरटीएक्स 50 मालिका आली, आणि विसरला गेलेला हा विषय अनपेक्षितपणे परतला. या कार्डांवर 32 बिट कुडा प्रोग्राम चालवण्याची सोय काढून टाकलेली होती. कार्डावरच्या फिजएक्सचे बहुतेक नामवंत गेम 2008 ते 2013 मधले, म्हणजे 32 बिटच. 'मिरर्स एज', 'बॉर्डरलँड्स 2', 'मेट्रो 2033', 'माफिया 2' यांत फिजएक्स सुरू केलं की सारं काम पुन्हा सीपीयूवर जाऊ लागलं. 'मिरर्स एज'मध्ये गोळीबारात काचा फुटल्या की बाजारातलं सर्वांत महागडं कार्डही गुडघे टेकू लागलं, आणि दहा-पंधरा वर्षं जुनी जीफोर्स कार्डं त्या प्रसंगात त्याच्या पुढे गेली. जुन्या गेमवर जीव असलेल्या काहींनी नव्या कार्डाशेजारी एक स्वस्त जुनं जीफोर्स लावलं, फक्त फिजिक्ससाठी. एजियाचीच व्यवस्था, वीस वर्षांनी.

हा बदल कंपनीने खेळणाऱ्यांना ठळकपणे कळवला नव्हता. लोकांना तो खेळताना सापडला, आणि संताप रास्त होता. चित्रपटाची जुनी प्रत नव्या यंत्रावर लावली आणि त्यातला पाऊसच गायब झाला, तर कुणी गप्प बसणार नाही. 2025 च्या डिसेंबरमधल्या ड्रायव्हरने निवडक गेमसाठी ही सोय परत आणली. त्याआधी एप्रिलमध्ये एक वेगळं, अधिक टिकाऊ पाऊल पडलं होतं. फिजएक्सचा सीपीयूवरचा भाग 2018 पासूनच मुक्त परवान्याखाली खुला होता. आता ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या भागाचा मूळ कोडही एनव्हिडियाने खुला केला. दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवर तो उतरवायला कायद्याची आडकाठी उरलेली नाही. काम मात्र मोठं आहे, आणि जुन्या गेमसोबत आलेल्या जुन्या आवृत्त्यांना त्याचा थेट उपयोग होत नाही.

कार्डावरच्या फिजिक्सची कल्पना वाया गेली असं मात्र नाही. ती गेममधून उठून यंत्रमानवांच्या शाळेत गेली. एनव्हिडियाच्या आयझॅक या व्यवस्थेत फिजएक्सची पाचवी आवृत्ती वापरतात. एकाच कार्डावर हजारो आभासी यंत्रमानव एकाच वेळी चालायला, पडायला, वस्तू उचलायला शिकतात. तिथे चित्र दाखवायची घाई नाही, शत्रूचे डावपेच नाहीत, आणि हजारो स्वतंत्र जगं समांतर चालवायची असतात. कार्डाला हवं तसं काम. तिथे ब्रँडला खरंच महत्त्व आहे, कारण आयझॅक एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच बनलेलं आहे.

गेममध्ये मात्र सर्वांत धाडसी फिजिक्स सीपीयूवरच फुललं. जर्मनीतला 'बीमएनजी ड्राइव्ह' गाडीचा सांगाडा असंख्य बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या लवचिक दांड्यांनी बांधतो आणि सेकंदाला 2000 वेळा त्यांचा हिशेब करतो. टक्कर झाली की पत्रा जिथे दबायला हवा तिथेच दबतो. निंटेंडोच्या 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये हॅवॉक होतं, आणि त्याच परंपरेतल्या 2023 च्या गेममध्ये खेळाडू फळ्या, चाकं, पंखे जोडून स्वतःची वाहनं बनवू लागले, तेही निंटेंडोच्या स्विच या कन्सोलमधल्या तेव्हाच जुन्या झालेल्या मोबाइल चिपवर. खुद्द एएमडीने 2019 मध्ये लाकूड चिरणं, धातू वाकणं यांसाठी एफईएमएफएक्स नावाची फिजिक्स लायब्ररी मुक्त केली, तीसुद्धा सीपीयूसाठी लिहिलेली.

आणि स्वीडनमधल्या माल्मोचा 'टेअरडाउन'. 2020 मध्ये तो पहिल्यांदा खेळायला मिळाला, 2022 मध्ये पूर्ण झाला. त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट फोडता येते: भिंत, जिना, गोदामाचं छप्पर, धक्क्याला लागलेली बोट. चोरीचा मार्ग खेळाडूने घणाने, ट्रकने, स्फोटकांनी स्वतःच पाडायचा असतो, म्हणजे ढिगारा इथे शोभेचा नाही, त्यावरच सगळा डाव चालतो. तो लिहिणारा डेनिस गुस्ताफसन हा एजियाने 2005 मध्ये विकत घेतलेल्या मेकॉनच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्या गेममध्ये धूर, प्रकाश आणि सावल्या ग्राफिक्स कार्ड रंगवतं, आणि इमारत कोसळताना प्रत्येक तुकडा कुठे जाऊन पडायचा ते सीपीयू ठरवतो. ढिगारा फार झाला की गेम मंदावतो, जीफोर्सवर आणि रेडिऑनवर सारखाच.